उधारीच्या मुळाशी श्रद्धा

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी ज्याने पहिल्यांदा रंगवून घेतली, तो दुकानदार मोठा विनोदी असला पाहिजे. त्याचा ‘उद्या’ कधी उजाडत नाही आणि गिऱ्हाइकाला उधार कधी मिळत नाही. किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर, केशकर्तनालयात ही पाटी पिढ्यान्‌पिढ्या लटकते आहे. अलीकडे तिच्या शेजारी मोबाइलवरून पैसे देण्याचा काळापांढरा चौकोनही चिकटवलेला असतो. गंमत अशी, की पाटी जितकी ठळक, तितकी गल्ल्याखालची उधारीची वही जाड. कारण पाटी असते परक्यांसाठी. ज्याचा बाप, ज्याचं घर, ज्याचा पगाराचा दिवस दुकानदाराला ठाऊक आहे, त्याच्यासाठी ती वही असते.

या वहीत जे असतं त्याला इंग्रजीत क्रेडिट म्हणतात. हा शब्द आता इंग्रजीचा राहिलेलाच नाही. क्रेडिट कार्ड घरोघरी आहे. सिनेमा संपताना पडद्यावर सरकणारी नावं म्हणजे क्रेडिट. नातवाच्या कॉलेजात अमुक विषयाला चार क्रेडिट असतात. आणि ‘राबली सून, क्रेडिट घेतलं सासूबाईंनी’ हे वाक्य तर ज्यांनी इंग्रजी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही अशा बायकांच्या तोंडूनही मी ऐकलं आहे.

माझ्या तर हा पोटापाण्याचाच शब्द. बँकेत तीसएक वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्जविभागात गेली. ‘क्रेडिट डिपार्टमेंट’ अशी पितळी पाटी असलेल्या दारातून रोज आत जायचं आणि संध्याकाळी बाहेर पडायचं. टेबलावर येणाऱ्या प्रत्येक अर्जापुढे प्रश्न एकच असायचा: कर्ज द्यायचं ते कशावर? कागदावर की माणसावर? नियमांची पुस्तकं कागदाच्या बाजूने बोलायची, समोर बसलेला माणूस स्वतःच्या बाजूने. निवृत्तीनंतर शब्दकोश चाळण्याचा छंद जडला आणि त्या पितळी पाटीवरच्या शब्दाची कुळकथा वाचनात आली, तेव्हा वाटलं, की या प्रश्नाचं निम्मं उत्तर पाटीवरच लिहिलेलं होतं.

कुळकथा अशी. इंग्रजीने हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचकडून घेतला. फ्रेंचने तो इटालियनकडून उचलला, आणि ते साहजिकच होतं, कारण त्या काळी युरोपची सावकारी व्हेनिस, फ्लॉरेन्स, जिनोव्हा या इटालियन शहरांच्या हातात होती. इटालियनचा ‘क्रेदितो’ आला लॅटिन ‘क्रेदितुम्’वरून. क्रेदितुम् म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली चीज. त्यामागचं क्रियापद ‘क्रेदेरे’, म्हणजे विश्वास ठेवणे, भरवसा टाकणे. ‘मी विश्वास ठेवतो’ हे सांगायला लॅटिनमध्ये एकच शब्द पुरतो: ‘क्रेदो’. ख्रिस्ती धर्माची श्रद्धाघोषणा लॅटिनमध्ये याच शब्दाने सुरू होते, म्हणून तिला नावच ‘क्रेदो’ पडलं. गोव्याच्या आणि वसईच्या चर्चमध्ये शतकानुशतकं जी लॅटिन उपासना चालायची, तीत हा शब्द घुमत असे. म्हणजे देवळातला विश्वास आणि पेढीवरचा विश्वास, दोन्हींना युरोपात एकच धातू.

या धातूची प्रजा मोठी आहे आणि तीत नाना स्वभावाची मंडळी आहेत. ‘क्रेडिबल’ म्हणजे विश्वासार्ह. ‘इन्क्रेडिबल’ म्हणजे ज्यावर विश्वास बसत नाही असं. आपल्या पर्यटन खात्याने २००२ साली ‘इन्क्रेडिबल इंडिया’ अशी जाहिरात सुरू केली, तिचा शब्दशः अर्थ कुणी लावला नाही हे बरंच झालं. इंग्रजी वर्तमानपत्रांत दगडफेक करणाऱ्यांना ‘मिस्क्रिअंट’ म्हणतात. तो मुळात ‘खोट्या श्रद्धेचा’, म्हणजे पाखंडी माणूस. मध्ययुगीन युरोपात परधर्मी तो दुर्जनच, या समजुतीपायी पाखंड्याचा पुढे गुंड झाला. शाळा-कॉलेजं ज्या ‘ग्रँट’ची चातकासारखी वाट पाहतात, तीही याच घराण्यातली. जुन्या फ्रेंचमध्ये हमी देण्याला एक शब्द होता, त्याच्या सुरुवातीच्या ‘क’चा ‘ग’ झाला आणि ग्रँट तयार झाली. ग्रँटवर कितपत विश्वास ठेवावा, हे मुख्याध्यापकांना विचारा.

सगळ्यांत मजेदार कथा आहे एका कपाटाची. श्रीमंती दिवाणखान्यात बुटकं, लांबट कपाट असतं, त्याला ‘क्रेडेंझा’ म्हणतात. इटालियनमध्ये ‘क्रेदेन्झा’ म्हणजे विश्वास. मग विश्वासाचं कपाट कसं झालं? इटलीच्या सरदार-उमरावांना विषप्रयोगाचं भय फार. म्हणून ताटं वाढण्याआधी एका बाजूच्या मेजावर ठेवत, आणि एक सेवक प्रत्येक पदार्थ चाखून पाही. तो जिवंत राहिला, की धनी जेवायला बसे. या चाखण्यालाच ‘क्रेदेन्झा’ म्हणत. पुढे ते नाव मेजाला चिकटलं आणि मेजाचं कपाट झालं. कर्जाच्या अर्जाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला हा पूर्वज सहज ओळखू येईल. धन्याच्या वतीने आधी आपण घास घ्यायचा आणि काय होतं ते पाहायचं!

इथवरचा प्रवास युरोपातला. आता तो आपल्या दारात येतो.

लॅटिन आणि संस्कृत या एकाच मूळ भाषेच्या लेकी आहेत, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ऐकून माहीत असते. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे या नात्याकडे जगाचं लक्ष वेधलं. आपल्याकडे डॉ. रा. गो. भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत भाषाशास्त्रावर जी विल्सन व्याख्यानं दिली, त्यांत या नव्या शास्त्राच्या उजेडात संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांचा विचार मांडला. या शास्त्राचा आधार म्हणजे ध्वनींचे नियम. त्यातला एक नियम आपल्या कामाचा आहे: जिथे संस्कृतमध्ये ‘श’ असतो, तिथे लॅटिनमध्ये ‘क’ असतो. संस्कृत ‘शतम्’, लॅटिन ‘केन्तुम्’. सेंचुरी आणि बँकेचा लाडका ‘पर्सेंट’ तिथूनच आले. संस्कृत ‘दश’, लॅटिन ‘देकेम्’, म्हणून डेसिमल. संस्कृत ‘श्वन्’ म्हणजे कुत्रा, लॅटिन ‘कानिस्’.

आता लॅटिन ‘क्रेदो’चा ‘क’ काढून तिथे ‘श’ ठेवा. ‘श्रेदो’सारखं काहीतरी कानावर येईल. संस्कृतमध्ये त्याचा जोडीदार आहे ‘श्रद्-धा’, म्हणजे आपली श्रद्धा.

हे निव्वळ कानाला भासणारं साम्य नाही. तशी साम्यं शोधणारे हौशी लोक पुष्कळ असतात आणि त्यांच्या हाती कोश लागला की ते दोन संध्याकाळी जगातल्या सगळ्या भाषा मराठीतून काढून दाखवतात. इथे मात्र दोन्ही तुकडे, ‘श्रद्’ आणि ‘धा’, नियमाने जुळतात, अर्थही जुळतो, आणि भाषापंडितांत या नात्याबद्दल वाद नाही. आयर्लंडच्या भाषेतही ‘मी विश्वास ठेवतो’ याला याच धातूचा शब्द आहे, आणि अवेस्ताच्या भाषेतही. जोझेफ व्हाँद्रिएस या फ्रेंच पंडिताने १९१८ साली एक लक्षणीय गोष्ट दाखवली. धर्म आणि राज्य यांच्याशी निगडित असे काही अतिप्राचीन शब्द या भाषाकुळाच्या दोन टोकांना, म्हणजे पश्चिमेला लॅटिन-आयरिशमध्ये आणि पूर्वेला भारत-इराणमध्ये टिकले आणि मधल्या प्रदेशात पुसले गेले. आपला ‘राजन्’ आणि लॅटिनचा ‘रेक्स’ ही अशीच एक जोडी. ‘श्रद्धा’ आणि ‘क्रेदो’ ही दुसरी. वाडा पडून मधल्या भिंती गेल्या आणि दोन कोपऱ्यांतले दोन खांब तेवढे उभे राहिले, तसं हे.

यातला ‘धा’ म्हणजे ठेवणे. विधी, संधी, उपाधी यांतला ‘धा’ हाच. ‘निधी’ही त्यातलाच: नीट खाली ठेवलेला, जपून ठेवलेला तो निधी. भविष्यनिर्वाह निधीचा आकडा दर वर्षी पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही, की व्युत्पत्तीच्या दृष्टीने निधी आणि श्रद्धा या मावसबहिणी आहेत.

‘श्रद्’ म्हणजे काय, यावर मात्र विद्वानांत मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते श्रद् म्हणजे हृदय. ग्रीक ‘कार्दिया’, लॅटिन ‘कोर’, इंग्रजी ‘हार्ट’ यांच्या कुळातला. म्हणजे श्रद्धा म्हणजे ‘हृदय ठेवणे’, ज्याच्यावर जीव टाकावा ती. कल्पना इतकी सुंदर आहे, की ती खरी असावी असं वाटतं. पण एमिल बेनव्हेनिस्त या थोर फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. ऋग्वेदातल्या श्रद्धेच्या जागा तपासून तो म्हणतो, की इथे नुसतं मानणं नाही, इथे व्यवहार आहे. यजमान देवावर आपला भरवसा टाकतो, हवी देतो, आणि देवाकडून त्याची फेड प्रसादरूपाने होईल अशी अपेक्षा ठेवतो. दिलेलं परत येईल या खात्रीने देणं, हा श्रद्धेचा मूळ अर्थ. लॅटिनमध्ये हाच भाव देवाकडून माणसाकडे वळला आणि परत मिळेल या खात्रीने दुसऱ्याला काही देणं, म्हणजे कर्ज देणं, याला ‘क्रेदो’ हा शब्द लागला.

थोडक्यात, पेढीवरच्या माणसांनी देवळातला शब्द पळवला असं म्हणायची सोय नाही. दोन्ही अर्थ आरंभापासून एकाच गाठीत बांधलेले होते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक स्वतंत्र श्रद्धासूक्त आहे (सूक्त १५१). पाचच ऋचांचं, श्रद्धेलाच देवता मानून केलेलं. आणि त्याच मंडलात जुगाऱ्याचं प्रसिद्ध सूक्तही आहे (सूक्त ३४). त्यातला जुगारी कर्जात बुडाला आहे, आणि भीत भीत, पैशाच्या शोधात, रात्रीच्या वेळी दुसऱ्यांच्या घरी जातो आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचं हे चित्र. कर्जविभागात बसलेल्या माणसाला त्या जुगाऱ्याचा चेहरा अनोळखी वाटत नाही.

आपल्या परंपरेने तर माणसाच्या जन्माचाच हिशेब ऋणाच्या भाषेत मांडला. माणूस जन्मतो तोच तीन ऋणं घेऊन: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. पितरांसाठी श्रद्धेने करायचं ते श्राद्ध. म्हणजे पाहा, आपण ज्याला श्राद्ध म्हणतो तो शब्द आणि बँकेचं क्रेडिट यांची कुळी एक, आणि दोन्हींच्या मागे ऋणाचीच भावना. हे वाचलं तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. ती पुढे सांगतो. त्याआधी या शब्दाची काळी बाजूही पाहिली पाहिजे, कारण विश्वासाच्या नावाखाली माणसांनी एकमेकांना काय काय केलं, हेही त्याच्या इतिहासात आहे.

ज्या रोमने ‘क्रेदितोर’ म्हणजे विश्वास टाकणारा असा शब्द सावकाराला दिला, त्याच रोमच्या इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमाराच्या ‘बारा पाटां’च्या कायद्यात बुडीत कर्जदाराचे हाल लिहून ठेवलेले आहेत. कर्ज मान्य झाल्यावर तीस दिवसांची मुदत. मग सावकाराने त्याला बेड्या घालून साठ दिवस ठेवायचं. तीन बाजारदिवशी चव्हाट्यावर उभं करून रक्कम पुकारायची. तरीही कुणी सोडवलं नाही, तर त्याला टायबर नदीपलीकडे विकायचं किंवा मारायचं. सावकार अनेक असले, तर त्यांनी त्याचे तुकडे वाटून घ्यावेत, असंही कलम त्यात आहे. विश्वासाचं हे टोक!

आपल्याकडे याहून वेगळा मार्ग होता. सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा. त्याला मनुस्मृतीत ‘आचरित’ म्हटलं आहे आणि वसुलीच्या पाच उपायांत ते गणलं आहे. आपण त्याला धरणं म्हणतो. आज जिल्हाधिकारी कचेरीसमोर मंडप टाकून जी धरणी धरली जातात, त्यांचा मूळ उपयोग कर्जवसुली हा होता. दारात उपाशी बसलेल्या माणसाला ओलांडून जेवायला बसायचं कसं, या लाजेवर ते सगळं उभं होतं. ज्याला लाज नाही त्याच्यापुढे हे हत्यार बोथट.

आणि ‘सावकार’ हा शब्द तरी काय सांगतो? साधूचा झाला साहू, साहूचा झाला साव. ‘चोर की साव’ म्हणतो आपण, त्यातला साव म्हणजे सचोटीचा. सावकार म्हणजे मुळात सचोटीने व्यवहार करणारा. मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमांत सावकार आला की त्याच्या मिशा आणि खाटेवर पसरलेली खतं आधी येतात. शब्द साधूपासून निघाला आणि खलनायकापाशी पोचला.

हे अंतर कसं पडलं, त्याचा एक धडा पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी मिळतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला मागेल तेवढं कर्ज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव पडला, सरकारने शेतसारा मात्र वाढवलेला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं घेरली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यांनी खतं, रोखे आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या. पुणे आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांत हे लोण पसरलं. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा कोणत्या आकड्याखाली उमटला आहे हे त्याला ठाऊक नसायचं. जुनं खत मुदतीबाहेर जाऊ नये म्हणून तीन-तीन वर्षांनी नवं लिहून घेतलं जायचं, आणि त्यात व्याज मुद्दलात मिसळायचं. पूर्वी सावकार आणि कुणबी एकमेकांच्या भरवशावर उभे होते. भरवसा गेला आणि मागे नुसता कागद उरला. सुप्याला तो कागद जळला. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, तेव्हा न्यायालयांना खतावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली.

पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. ‘क्रेडिट सोसायटी’ला मराठीत काय म्हणावं, हा प्रश्न तेव्हा कुणालातरी पडला असणार. त्याने ‘कर्जसंस्था’ म्हटलं नाही, ‘उधारमंडळी’ म्हटलं नाही. ‘पतपेढी’ म्हटलं. त्या अनामिक भाषांतरकाराला माझा नमस्कार. लॅटिन न शिकता त्याने मूळ अर्थ अचूक पकडला. ऐपत म्हणजे खिशाची ताकद आणि पत म्हणजे शब्दाची ताकद. गावातल्या दहा लोकांनी एकमेकांच्या शब्दाला जामीन राहायचं, ही पतपेढीची कल्पना. कल्पना उत्तम, पण रुजायला वेळ लागला. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ सालच्या आकड्यांवरून देशाची ग्रामीण पतपाहणी केली. गोरवाला समितीने १९५४ साली दिलेल्या तिच्या अहवालात शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के निघाला. व्यापारी बँकांचा एक टक्काही नव्हता. दोन्ही प्रकारच्या सावकारांचा मिळून मात्र जवळपास ७० टक्के. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँका खेड्यात पोचल्या, त्यामागे या आकड्यांची टोचणी होती.

मी बँकेत लागलो तो त्यानंतरचा काळ. प्रशिक्षणात आम्हाला कर्ज देण्याचे पाच निकष घोकायला लावत. इंग्रजीत पाचांचीही सुरुवात ‘सी’ने होते. मराठीत सांगायचं तर चारित्र्य, फेडण्याची कुवत, स्वतःचं भांडवल, तारण आणि परिस्थिती. चारित्र्य पहिलं. मोठमोठ्या सावकारांचंही मत असंच. अमेरिकेचा जे. पी. मॉर्गन याच्या पेढीपुढे सरकारं अदबीने उभी राहत. १९१२ च्या डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्याला विचारण्यात आलं, की कर्ज पैसा आणि मालमत्ता पाहून दिलं जातं ना? तो म्हणाला, नाही, आधी चारित्र्य. ज्याच्यावर माझा विश्वास नाही, त्याने जगातले सारे रोखे आणले तरी त्याला माझ्याकडून पैसा मिळणार नाही, अशा अर्थाचं त्याचं उत्तर होतं.

पण चारित्र्य मोजायचं कसं? त्याला फूटपट्टी लागत नाही. म्हणून फायलीत तारणाची पानं वाढत गेली आणि चारित्र्याला एक ओळ उरली: ‘अर्जदार सचोटीचा आहे असे समजते.’ आता ते कामही संगणकाकडे गेलं आहे. आपल्या परतफेडीचा इतिहास तपासून ३०० ते ९०० यांच्यामधला एक आकडा आपल्या नावापुढे लावला जातो. या आकड्याचा फायदा आहे, तो नाकारणार नाही. त्याला जात कळत नाही, ओळख-वशिला कळत नाही, साहेबाचा मूड कळत नाही. पण त्याला एक गोष्ट अजिबात समजत नाही. ज्याने आयुष्यभर कुणाचा एक रुपया उधार घेतला नाही, अशा माणसाचा इतिहासच त्याच्याजवळ नसतो. अंथरूण पाहून पाय पसरणारे आपले वडील त्याच्या लेखी अनोळखी.

आता ती गोष्ट. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. गावाचं आणि बँकेचं नाव सांगत नाही. एके दिवशी दुपारी, काउंटर बंद व्हायच्या सुमाराला, पंचविशीतला एक मुलगा आत आला. मुंबईला कुठल्याशा कारखान्यात कामाला होता. त्याच्या वडिलांनी दहा-बारा वर्षांपूर्वी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं. भूमिहीन माणूस, तारण काही नाही. पहिल्या पावसाळ्यातच शेळ्या रोगाने मेल्या. दोन-चार हप्ते आले आणि खातं थंडावलं. कायद्याची मुदत कधीच उलटून गेली होती आणि रक्कम बँकेने बुडीत धरून वहीतून काढून टाकली होती. मुलाने विचारलं, “बाबांच्या नावावर किती बाकी निघते, साहेब?”

मी त्याला खरी स्थिती सांगितली. बँक आता हे पैसे मागू शकत नाही, आणि वडिलांच्या मागे जमीनजुमला नसल्याने वारस म्हणून त्याच्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध हाये. आई म्हणती, नावावर बाकी ठेवून पिंड कसा द्यायचा?”

जुनं लेजर माळ्यावरून काढायला शिपायाला अर्धा तास लागला. मुद्दल आणि कागदोपत्री निघणारं व्याज असा हिशेब मी त्याच्यापुढे ठेवला. एवढं आज जमणार नाही, म्हणाला. मुद्दल रुमालातून काढून मोजलं, व्याज दोन हप्त्यांत मनिऑर्डरने पाठवलं. पावती लिहिताना कारकुनाने त्याचं नाव विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “माझं नको. पावती बाबांच्याच नावानं फाडा.” शेवटचा हप्ता आला तेव्हा मी बेबाकी दाखला तयार करून त्याच्या गावच्या पत्त्यावर पाठवून दिला.

सगळेच असे असतात, असं मी म्हणणार नाही. दारात जीप उभी असताना हप्त्याच्या वेळी दुष्काळ सांगणारे पाहिले आहेत. एकच जमीन दोन ठिकाणी गहाण टाकणारे पाहिले आहेत, आणि त्यांच्या फायली तारणाच्या कागदांनी इतक्या फुगलेल्या असत की फडताळाचं दार लागत नसे. श्रद्धेला जशी अंधश्रद्धा असते, तशी क्रेडिटलाही असते. एवढंच सांगतो, की त्या शेळ्यांच्या कर्जाला तारणाच्या रकान्यात ‘निरंक’ असं लिहिलेलं होतं, आणि ते शेवटच्या पैशापर्यंत फिटलं. वडिलांचं ऋण आणि बँकेचं कर्ज त्या माउलीच्या लेखी दोन नव्हती. तिला लॅटिन येत नव्हतं, संस्कृतही नव्हतं. पण बेनव्हेनिस्तने ज्यासाठी ग्रंथ लिहिला, ते तिला ठाऊक होतं.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. बँकेत नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा, की ‘पैसे माझे जमा झाले, मग पासबुकात माझ्या नावापुढे क्रेडिट का? क्रेडिट म्हणजे तर उधार ना?’ प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि उत्तर मुळातच आहे. क्रेडिट ज्याच्या खाती लिहिलं जातं, तो विश्वास टाकणारा. आपण बँकेत पैसे ठेवतो, तेव्हा बँक आपली ऋणको असते आणि आपण तिचे सावकार. आपण तिच्याकडे तारण मागत नाही, जामीनदार मागत नाही, तिच्या चारित्र्याचा आकडा विचारत नाही. व्याज अर्धा टक्का जास्त दिसलं की आयुष्याची पुंजी नेऊन ठेवतो.

हा विश्वास मोडला की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून देशात ठेवींना विमा मिळाला, तेव्हा त्याची मर्यादा होती १,५०० रुपये. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला आरंभी सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. मुंबईच्या रस्त्यांवर म्हातारी माणसं फलक घेऊन उभी होती. त्यानंतर २०२० साली विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सगळ्या ठेवी आणि त्यांवरचं व्याज मिळून ही मर्यादा असते. हे घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा आणि सगळी अंडी एका टोपलीत ठेवू देऊ नका.

पुढच्या वेळी पासबुक भरून आणाल, तेव्हा शेवटच्या आकड्यापुढे छापलेली ‘सीआर’ ही दोन अक्षरं बघा. ती तुमची श्रद्धा आहे. ती कुणापाशी ठेवली आहे, याची वर्षातून एकदा तरी चौकशी करत जा.